मदत हवी आहे: बाबांच्या मेलवर आलेलं निनावी पत्र कोणाचं, हे कसं शोधू?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकरोडला राहते. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांचं जीमेल खातं मी अजून जिवंत ठेवलंय. दोन वर्षं कोणी उघडलं नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी बघते. गेल्या खेपेला त्यात हा मेल होता:

"नमस्कार. सिंहस्थातली तुमची वही अजून माझ्यापाशी आहे. द्यायची राहून गेली. तब्येतीचा आता भरवसा नाही. कधी येता ते कळवा."

खाली नाव नाही. सोबत जुन्या फोटोचा फोटो. दहा-बारा जण, छातीला स्वयंसेवकांचे बिल्ले, मागे दुतोंड्या मारुती. डावीकडून तिसरे बाबा.

हा १९९१ चा सिंहस्थ. त्या वेळी बाबा रात्रपाळीला रामकुंडाजवळ असायचे आणि गर्दीत हरवलेल्यांची नोंद एका वहीत करायचे: नाव, गाव, अंगावर काय, शेवटी कोणाच्या ताब्यात दिलं. ती वही गहाळ झाली याची त्यांना फार रुखरुख होती. आजारपणातही दोनदा विचारलं होतं त्यांनी.

मी लगेच उत्तर लिहिलं. मी त्यांची मुलगी, बाबा नाहीत, पण वही घ्यायला मी येते, म्हणाल तिथे येते. आज सव्वीस दिवस झाले. मेल परत आला नाही, म्हणजे पत्ता चालू असावा. पण उत्तरही नाही.

आतापर्यंत काय केलं ते सांगते, म्हणजे तेच पुन्हा सुचवायला नको. पत्ता अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधला, फेसबुकवरही पाहिला, काही मिळालं नाही. प्रोफाइलला फोटो नाही, नुसतं एक अक्षर. मग जीमेलमधलं 'शो ओरिजिनल' उघडून हेडर, म्हणजे मेलसोबतची तांत्रिक माहिती, वाचला. एसपीएफ, डीकेआयएम या मेल कुठून निघाला ते पडताळणाऱ्या दोन्ही तपासण्या पास. त्यावरून मेल खरंच जीमेलवरून निघालाय एवढंच ठरतं, लिहिणारा कोण ते नाही. आयपी (इंटरनेटवरचे यंत्राचे पत्ते) दिसतात ते गूगलच्याच सर्व्हरचे. वेबवरून पाठवलेल्या मेलमध्ये पाठवणाऱ्याचा आयपी जीमेल ठेवत नाही. कामाची एकच गोष्ट दिसली, तारखेच्या ओळीच्या शेवटी +०५३०, म्हणजे घड्याळ आपल्याकडचं. 'हॅव आय बीन पोन्ड' या, पत्ता कुठल्या डेटागळतीत सापडला ते सांगणाऱ्या साइटवर हा पत्ता काही वर्षांपूर्वीच्या एका डेटागळतीत दिसतो. म्हणजे खातं जुनं आहे, काल फसवणुकीसाठी उघडलेलं नाही. पैसे कोणी मागितले नाहीत, लिंकही पाठवली नाही.

भाचा म्हणतो, 'पासवर्ड विसरलो' दाबून त्यांच्या मोबाइलचे शेवटचे आकडे बघ. मी नाही म्हटलं. दुसऱ्याच्या दाराची कडी हलवून बघण्यासारखं आहे ते, आणि आजारी माणसाच्या फोनवर अवेळी सूचना गेली तर तो घाबरेल. मेलमध्ये लपवलेलं चित्र घालून आयपी काढण्याचा उपायही जीमेलपुढे चालत नाही, कारण चित्रं गूगलच्या सर्व्हरमार्फत उघडतात. पोलिसांनी कायदेशीर मागणी केली तर गूगल माहिती देऊ शकतं, पण इथे गुन्हा कुठला? एका भल्या माणसाला वही परत करायची आहे.

जाणकारांना दोन प्रश्न. डॉलर घेऊन 'या पत्त्यामागचं नाव सांगतो' म्हणणाऱ्या साइट भारतातल्या पत्त्यांसाठी खरंच उपयोगी पडतात का? आणि माझं उत्तर त्यांच्या स्पॅममध्ये पडलं असेल तर पुन्हा कसं लिहू, की तिकडे जाणार नाही?

पूर्ण पत्ता इथे देत नाही, कृपया मागू नका.

अपडेट, रात्री ११: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. पैसे घेणाऱ्या साइटचा नाद सोडते. नव्या पत्त्यावरून लिहिण्याऐवजी बाबांच्याच खात्यातून, आलेल्या मेललाच 'रिप्लाय' करून लिहा, हे पटलं. पहिलं उत्तर मी माझ्या खात्यातून पाठवलं होतं. अनोळखी नाव बघून त्यांनी उघडलंच नसेल. आत्ताच पुन्हा पाठवलं, विषयाच्या ओळीला हात न लावता.

आणि एकीने विचारलं, पत्त्यात आकडे आहेत का. आहेत, सहा. मी जन्मतारीख समजत होते. ते ४२२००३ आहेत, पंचवटीचा पिनकोड! १९९१ साली पंचवटीतून स्वयंसेवक म्हणून गेलेलं कोणी तुमच्या घरात, शेजारात असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फोटो तिथे पाठवते. उद्या सकाळी त्याची प्रिंट घेऊन मी घाटावरच्या जुन्या दुकानांतही विचारणार आहे.