मदत हवी आहे: आईबाबांना अमेरिकेच्या इमिग्रेशनची धास्ती

नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितेय. आईबाबा पहिल्यांदाच ताईकडे अमेरिकेला चाललेत, बी-२ (पर्यटक) व्हिसा हातात आहे, पण व्हिसा असला तरी आत सोडायचं की नाही ते तिथला ऑफिसरच ठरवतो, मोबाईलसुद्धा तपासू शकतात, हे कळल्यापासून बाबांची झोपच उडालीय. इंग्रजी दोघांचं जेमतेम. कडक भाषेत कोणी विचारलं तर बाबा गप्पच होतील, तेच फार जिवाला लागलंय माझ्या.

म्हणून अबुधाबीवरून तिकीट काढायचं म्हणतोय, तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसायच्या आधीच होतं ना, म्हणजे काही अडलंच तर निदान घर जवळ. कोणाचे आईवडील तिकडून गेलेत का? दुभाषी मागितला तर खरंच मिळतो का? आणि गोडा मसाला, पापड डिक्लेअर केले तर चालतात ना? प्लीज सांगा.