अनुभव धागा: हिमालयातली निवांत तळी, सकाळी निघून संध्याकाळी परत

हिमालयातलं तळं म्हटलं की आठवतात ते पाच-सहा दिवसांचे ट्रेक, तंबू, खेचरं आणि वीस-पंचवीस जणांची तुकडी. ज्यांना तेवढी रजा मिळत नाही किंवा तंबूत झोपणं झेपत नाही, त्यांच्या वाट्याला मग गाडी काठाला लागते ती तळी येतात, होड्या आणि हॉर्नसकट. मधलं खूप काही राहून जातं. हिमाचल आणि उत्तराखंडात अशी कितीतरी तळी आहेत, जिथे दोन-तीन तास चाललं की पोहोचता येतं, दुपारपर्यंत काठावर बसता येतं आणि उजेडात मुक्कामी परतता येतं. हा धागा त्यांच्यासाठी.

माझं मत आधीच सांगते. गर्दी नसलेलं तळं शोधायला फार आडवाटेला जावं लागत नाही. कोणत्या वारी गेलात, किती वाजता पोहोचलात आणि गाडीरस्ता संपल्यावर किती चाललात, यावर सगळं ठरतं. म्हणून लिहिताना महिना, वार, निघायची वेळ, सोबत कोण होतं, पायाखाली काय होतं आणि वाटेत पाणी होतं का, एवढं जरूर लिहा. 'अप्रतिम' सगळीच असतात, त्यावरून जाणाऱ्याला काही कळत नाही.

सुरुवात मी करते. पुढचे मथळे धाग्यावर आलेल्या वेगवेगळ्या लोकांच्या अनुभवांचे आहेत.

सेरोलसर

कुल्लूच्या दक्षिणेला जलोरी खिंड आहे, ३,१२० मीटर उंचीवर. गाडी तिथपर्यंत जाते. खिंडीतून एका बाजूला रघुपूर गडाची वाट चढते आणि दुसऱ्या बाजूला सेरोलसरची वाट जंगलात शिरते. ही साधारण पाच किलोमीटर आहे. ऑक्टोबरातला मंगळवार होता, साडेसातला चालायला लागलो. थंडी इतकी की पहिला अर्धा तास हातमोजे काढवले नाहीत.

वाट जवळजवळ सपाट आहे. डोंगराच्या कुशीने वळत जाते, मध्येच थोडी उतरते, थोडी चढते. वर खरसू ओकचं दाट रान. बुंध्यांवर शेवाळ इतकं जाड की हात ठेवला तर बोटं आत रुततात. खडकाळ शिखरं, हिमनदी असलं काही इथे नाही, आणि ते नसल्यामुळेच मला ही वाट आवडते. पूर्ण वेळ झाडांखालून चालतो आपण. पाणी मात्र खिंडीतूनच भरून घ्या, वाटेतल्या झऱ्यांवर विसंबू नका.

तळं लहान आहे, चहूबाजूंनी झाडं, काठावर बुढी नागिन देवीचं देऊळ. देवीला तूप वाहतात. तळ्यात पान पडलं की आभी नावाचा पक्षी ते चोचीने उचलून नेतो, म्हणून पाणी कायम स्वच्छ असतं, अशी तिथली श्रद्धा. आम्ही बराच वेळ टक लावून बसलो. पक्षी काही दिसला नाही, पण एवढ्या झाडांच्या मधोमध असलेल्या पाण्यावर पानं खरंच फार थोडी होती.

नऊ वाजल्यापासून अकरा वाजेपर्यंत काठावर आम्ही आणि पुजारी, एवढेच. परत निघालो तेव्हा वाटेत एकामागून एक गट भेटू लागले, आणि खिंडीत पोहोचलो तर गाड्या लावायला जागा नव्हती. जंगल तेच, दिवसही तोच. फरक फक्त घड्याळाचा.

धनखरचं वरचं तळं

स्पितीत सगळे चंद्रतालला जातात, जावंही. पण शांत तळ्याचं म्हणाल तर मी धनखरचं नाव घेईन. धनखर ही एके काळी स्पितीची राजधानी. स्पिती आणि पिन नद्यांच्या संगमावर, सुळक्यासारख्या कड्यावर जुना गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ आहे. बहुतेक लोक गोम्पा पाहतात, फोटो काढतात आणि गाडीत बसतात. गावाच्या मागून एक पायवाट वर जाते, ती तळ्याची.

अंतर नगण्य, तासाभराची चढण. पण गाव ३,९०० मीटरच्या आसपास आणि तळं ४,१०० च्या वर. या उंचीवर दर श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो. घरी दोन जिने पळत चढणारा माणूस इथे वीस पावलांवर थांबतो. आम्ही किन्नौरमार्गे आलो होतो, सांगला, कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम करत, म्हणून शरीर तयार होतं. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या झोपण्याची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा नियम आहे. मनालीकडून कुंझुम खिंड ओलांडून लगेच दुसऱ्या दिवशी धनखरला जाणाऱ्यांनी तळ्याचा हट्ट धरू नये असं मी स्पष्टच सांगेन. आमच्या मागून एक जोडपं चढत होतं. तिचं डोकं ठणकत होतं आणि मळमळत होतं. दोघं अर्ध्या वाटेवरून उतरली. त्या उंचीवर तेच बरोबर. खाली उतरणं हाच विरळ हवेच्या त्रासावरचा खात्रीचा इलाज आहे.

वर पोहोचलो तर आजूबाजूला झाड नाही, झुडूप नाही. तपकिरी, राखाडी, गंधकासारख्या पिवळट डोंगरांच्या मध्ये पाणी. ऑगस्टचा शेवट होता. मान्सूनचे ढग अलीकडच्या रांगांवरच अडतात, त्यामुळे बाकी हिमाचलात पाऊस कोसळत असताना स्पितीत आकाश निळं असतं. पावसाळ्यातच रजा मिळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. मात्र स्पितीपर्यंतचे रस्ते याच दिवसांत दरडींनी बंद पडतात, हाताशी एक-दोन दिवस राखून ठेवा. टोपी, गडद चष्मा आणि ओठांना लावायला काहीतरी हवंच. दर हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, आणि तिथे सावली अशी नाहीच.

दोन तास बसलो. एक मेंढपाळ काठाने निघून गेला, बाकी कुणी नाही.

नचिकेता ताल, बाबांबरोबर

बाबांचं वय ७४. त्यांना 'हिमालयात तळ्यापर्यंत चालत जायचं' होतं आणि मला त्यांचा दम सांभाळायचा होता. उत्तरकाशीहून लंबगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर चौरंगीखाल लागतं. तिथून नचिकेता ताल तीन किलोमीटर. उंची साधारण २,४५० मीटर, म्हणजे विरळ हवेची धास्ती नाही. वाट मळलेली, रुंद, चढ अंगावर न येणारा. बांज (ओक) आणि बुरांशचं (ऱ्होडोडेंड्रॉन) जंगल. एप्रिलमध्ये गेलो, बुरांशची लाल फुलं झाडांवर होती आणि पायाखालीही.

बाबा कठोपनिषद वाचलेले. यमाच्या दारात तीन रात्री उपाशी थांबलेल्या मुलाच्या नावाचं हे तळं, हे त्यांना फार महत्त्वाचं वाटत होतं. जाताना त्यांनी मला ती सगळी गोष्ट सांगितली, थांबत थांबत, आणि त्यामुळे त्यांची गती आपोआप बरोबर राहिली. बोलता येईल इतक्याच वेगाने चढायचं, ही वयस्क माणसांबरोबर चालायची सगळ्यात सोपी कसोटी आहे. आम्हाला पावणेदोन तास लागले. तरुण माणूस तासाभरात जाईल.

तळं हिरवं, जंगलाने वेढलेलं, छोटंसं देऊळ. हिमशिखरांचं प्रतिबिंब वगैरे अपेक्षा ठेवून जाऊ नका. बाबा काठावर पालथी मूठ गुडघ्यावर ठेवून बसले आणि म्हणाले, "आता घाई करू नकोस." मी केली नाही.

देवरिया ताल: गर्दी आहे, पण उपाय आहे

देवरिया ताल निवांत नाही, असं कुणीतरी म्हणणार, म्हणून आधीच लिहितो. सारी गावातून जेमतेम तीन किलोमीटरची वाट, सुमारे २,४०० मीटर उंची आणि समोर ७,१३८ मीटरचं चौखंबा शिखर. एवढं सगळं इतक्या कमी कष्टात मिळत असेल तर लोक येणारच. पण बहुतेक जण नाश्ता करून निघतात. आम्ही सारीत मुक्काम केला आणि पहाटे साडेचारला टॉर्च लावून निघालो.

यामागे कारण आहे. ऊन चढलं की उतार तापतात, त्यांच्यालगतची हवा वर उठते आणि दरीतून वर वारा वाहायला लागतो. पाण्यावर तरंग उठले की प्रतिबिंब गेलं. दुपारपर्यंत शिखरांवर ढगही जमतात. म्हणजे ज्या चौखंब्यासाठी लोक इतक्या लांबून येतात, ते पाण्यात पाहायचं असेल तर सूर्योदयानंतरचा थोडाच वेळ असतो. आम्हाला नोव्हेंबरात तो मिळाला, काठावर आम्ही दोघं आणि एक वनरक्षक. आठनंतर वारा आला, साडेनऊला पहिली सहल आली, आम्ही उतरायला लागलो.

आणखी एक. बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीचा मुक्काम करायला उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बंदी घातली. काहींना ती जाचक वाटते. मला ती मनापासून पटते. तळ्याकाठी तंबू नसले की पहाटेचं तळं पायी येणाऱ्याचं होतं, आणि गवतही तगून राहतं.

पराशरबद्दल थोडं वेगळं

मंडीजवळच्या पराशर तळ्याचं नाव अशा याद्यांमध्ये नेहमी असतं. २,७३० मीटर, लाकडी पॅगोडा शैलीचं तीन मजली देऊळ आणि पाण्यावर तरंगणारं गवताचं बेट. ते मुळांच्या गुंत्यावर तरंगतं आणि जागा बदलतं. पाहण्यासारखं आहेच. पण रस्ता आता जवळपर्यंत गेला आहे आणि सुट्टीच्या दिवशी तिथे जत्रा असते. काठाला कुंपण आहे, पाण्याजवळ जाता येत नाही.

तरी मी पुन्हा जाईन, बग्गी गावातून चढून. जंगलातून सात-आठ किलोमीटरचा चढ आहे, त्या वाटेवर आम्हाला गुराखी सोडून कुणी भेटलं नाही. तळ्याशी गर्दी दिसली म्हणून मागच्या धारेवर चढून बसलो. तिथून धौलाधारची रांग दिसते आणि तळं खाली. उतरताना सांभाळून, पानांखालची माती ओली असली की पाय सरकतो.

कमरुनाग

मंडी जिल्ह्यातच. रोहांडाहून सहा किलोमीटर, चढ खडा, ३,३३४ मीटर. भाविक नाणी, सोनं, चांदी तळ्यात अर्पण करतात आणि ते कुणी काढत नाही. जूनमध्ये जत्रा भरते, ते दिवस टाळा. आम्ही सप्टेंबरच्या शेवटी गेलो. देवदारांचं जंगल, वर धुकं, देवळात मोजकी माणसं. तळं छोटं आहे. सकाळी सातच्या आत निघा, चढाला चार तास धरा.

एक प्रश्न: गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. चढ चालतो, उतार जड जातो. वरच्यापैकी काय जमेल?

उत्तर: सेरोलसर, नि:शंक. चढ-उतार कमी आणि माती मऊ. दोन काठ्या मात्र घ्याच, उतारावर गुडघ्यावरचा बराच भार त्या उचलतात. नचिकेता तालही जमेल. कमरुनाग अजिबात नको, परतीचा सगळा उतार आहे. वेळेचा अंदाज काढायला एक जुना हिशोब उपयोगी पडतो, विल्यम नायस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. तो धडधाकट माणसासाठी आणि न थांबता चालण्यासाठी आहे. तुम्ही त्यात निम्मा वेळ मिळवा, आणि ३,००० मीटरच्या वर आणखी थोडा.

निवांत वाटेची दुसरी बाजू

सगळ्यांनी शांततेबद्दल लिहिलंय, म्हणून हे लिहिते. मी बहुतेक वेळा एकटी चालते. वाटेवर माणूस नसतो तेव्हा मदतही नसते. यातल्या बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. पाय मुरगळला तर पुढचा माणूस दोन तासांनी येईल की दुसऱ्या दिवशी, सांगता येत नाही.

त्यामुळे मी ज्यांच्याकडे उतरते त्यांना कागदावर लिहून देते: कुठे जातेय, कोणत्या वाटेने, किती वाजेपर्यंत परत येईन आणि किती वाजल्यानंतर शोधायला निघायचं. गावातलं कुणी सोबत यायला तयार असेल तर मी आनंदाने नेते आणि त्यांच्या दिवसाचे पैसे देते. जंगल, पाणी, देवाच्या जागेचे नियम त्यांना माहीत असतात. काही तळ्यांमध्ये पाय बुडवणंसुद्धा चालत नाही, ते त्यांच्याकडूनच कळतं.

ओकच्या रानात शरद ऋतूत काळं अस्वल असतं, फळं पिकलेली असतात तेव्हा. पहाटे आणि तिन्हीसांजेला ते जास्त फिरतं. अशा वाटेवर मी मुद्दाम बोलत, काठी आपटत चालते. अस्वल अचानक समोर आलेल्या माणसावर उलटतं, लांबून चाहूल लागली तर बहुधा स्वतःच दूर जातं. आणि दुपारी दोननंतर मी कुठल्याच तळ्याकाठी थांबत नाही. उन्हाळ्यात डोंगरात गडगडाट बहुधा दुपारनंतर सुरू होतो, आणि उघड्या धारेवरून उतरायचं असेल तर विजेच्या आधी झाडीत पोहोचलेलं बरं.

टॉर्च, शिट्टी, एक जास्तीचा गरम थर आणि पावसाचं जाकीट माझ्या सॅकमध्ये सूर्य तळपत असतानाही असतं. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यात भिजलो तर थंडी पटकन हाडात जाते. सेरोलसरला जाणाऱ्यांसाठी शेवटचं: हिवाळ्यात बर्फामुळे जलोरीचा रस्ता बंद होतो. मार्च-एप्रिलमध्ये तो उघडला तरी जंगलातल्या सावलीच्या वळणांवर गोठलेला बर्फ राहतो, तेव्हा खिंडीखालच्या बंजार गावात विचारूनच वर जा.