शब्दचर्चा : 'तब्येत', 'पाप्याचं पितर', 'भस्म्या' आणि न जेवणारा मुलगा

मंडळी, एक शब्द हवाय, पण आधी थोडं सांगते म्हणजे कशासाठी ते कळेल.

माझा भाचा १७ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतोय. वहिनी घरी युनिफॉर्मचं शिवणकाम करतात, सोलापुरात आमच्या गल्लीत बऱ्याच घरात मशीन आहे, तर त्यांचा टेप सारखा गायब व्हायचा. एक दिवस बघितलं तर पोरगा आरशापुढं उभा, टेप छातीला, श्वास भरून धरलेला आणि मान खाली घालून आकडा वाचतोय. भरतीला छाती न फुगवता ७९ सेंटीमीटर आणि फुगवून ५ जास्त लागते, ती त्याची कधीच भरलीय, तरी दिवसातून चार-पाचदा मोजतो, मग दंड मोजतो, मग मनगटाला अंगठा आणि मधलं बोट वेढून बघतो. जेवायला बसला की भाकरीचे बारीक बारीक तुकडे करत बसतो, शेंगा चटणीतलं तेल ताटाच्या कडेला दाबून काढतो, आणि विचारलं की एकच उत्तर, "तब्येत करलालो की आत्या."

माझं डोकं या 'तब्येत' शब्दाशी अडलं. मूळ अरबी, तिकडं अर्थ स्वभाव, मूळची घडण. आपला 'प्रकृती'पण तसाच, स्वभावही आणि आरोग्यही. पण मराठीत तब्येत हळूहळू अंगाच्या मापावर आली बघा. 'तब्येत सुधारली' म्हणजे वजन वाढलं, 'तब्येत उतरली' म्हणजे वाळला, 'तब्येत कमावली' म्हणजे दंड आले. मग ज्याची छाती ८५ आहे आणि ज्याला रात्री भुकेनी झोप येत नाही त्याची तब्येत चांगली की वाईट? आमच्याकडं येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, तब्येत लई भारी केलीस बे! आणि पोराला तेच ऐकायचं असतं.

ईटिंग डिसऑर्डरला, म्हणजे खाण्याशी जोडलेल्या मनाच्या आजाराला, मराठीत काय म्हणावं, मुलाच्या तोंडी बसेल असं?

प्रतिसाद : ताई, 'क्षुधानाश' आहे की. अनोरेक्सियाला, म्हणजे वजन वाढायच्या भीतीनी जेवण तोडतात त्या आजाराला, हाच वापरतात.

धागाकर्ती : दादा, शब्द माहितीय, पण मला तो चुकीचाच वाटतो, आणि चूक आपली नाही, मूळ ग्रीकचीच आहे. ओरेक्सिस म्हणजे भूक-वासना, अन म्हणजे नसणं. १८७३ मध्ये विल्यम गल या इंग्रज डॉक्टरांनी अनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव काढलं तेव्हापासून ते चालत आलंय. पण या आजारात भूक नष्ट होत नाही हो, निदान बराच काळ तरी नाहीच. भूक असते आणि माणूस तिला दाबून धरतो. 'क्षुधानाश' म्हटलं की लोक आलं-लिंबू देतात, पाचक देतात. आम्हीपण दिलं.

प्रतिसाद : पण हा मुलींचा आजार ना? मॉडेलिंग वगैरे करतात त्या. मुलगा वयात येताना वाळतोच, आम्हाला पण शाळेत पाप्याचं पितर म्हणायचे, काय झालं नाही.

धागाकर्ती : तुम्ही शब्द काढलाच तर त्यावर आधी लिहिते. माझी आजी सांगायची, पापी माणसाच्या पितराला कोण पिंड घालत नाही म्हणून तो उपाशी, हाडं निघालेला, दारोदार फिरणारा. म्हणजे वाळलेल्या पोराला आपण म्हणतोय की तुला कोण जेवू घालत नाही. असे शब्द मोजले तर किती निघतील, लुकडा, हडकुळा, काडी पैलवान, बारक्या, उलटीकडं ढोल्या, ढब्बू, बकासुर. पोराच्या अंगाला नावं ठेवायला मराठीत पोतंभर शब्द, आणि त्या पोराला आतून काय होतं ते सांगायला एक नाही. काय झालं नाही म्हणता, पण शब्द इतक्या वर्षांनी तुमच्या लक्षात आहे दादा.

आता मुलींचा आजार म्हणताय त्याबद्दल. १६८९ मध्ये रिचर्ड मॉर्टन नावाच्या इंग्रज वैद्यांनी या आजाराचं सगळ्यात आधीचं मानलं जाणारं वर्णन केलं, त्यात रुग्ण दोनच, एक १८ वर्षांची मुलगी आणि दुसरा १६ वर्षांचा मुलगा! त्याला त्यांनी अभ्यास सोडून गावाकडच्या हवेत जायला, घोड्यावर बसायला आणि दूध प्यायला सांगितलं, आणि तो बराच सावरला. म्हणजे पहिल्या दोघातला एक मुलगा होता, आणि तरी पुढं तो कागदावरून निघूनच गेला. अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेत अनोरेक्सियाचं एक लक्षण होतं पाळी बंद होणं. आता हे मुलाला कसं लागू होणार सांगा. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ते लक्षण काढलं. तपासणीच्या प्रश्नावल्यांचंही तेच, मांड्या जाड वाटतात का असे प्रश्न, आणि मुलगा बघतोय दंड आणि छाती. मुलांना स्नायू वाढवायची किती ओढ आहे ते मोजणारी वेगळी प्रश्नावली २००० मध्ये आली. अमेरिकेतल्याच २००७ ला छापलेल्या मोठ्या पाहणीत आयुष्यात कधीतरी अनोरेक्सिया झालेल्या बायका ०.९ टक्के आणि पुरुष ०.३ टक्के निघाले. कमी आहेत पण नाहीत असं नाही.

प्रतिसाद : तालमीतला माणूस आहे म्हणून लिहितो. आमच्यात 'खुराक' म्हणतात, बदाम, थंडाई, दूध, तूप, त्यात लाज नव्हती, वस्ताद समोर बसवून खाऊ घालायचे. पण वजनाच्या गटात बसायचं असलं की 'वजन तोडायचं', जाड कपडे घालून पळायचं, पाणी बंद, काही जण थुंकत बसतात. तोडायचं म्हणजे खरंच तोडायचं. जिममधली पोरं चरबी उतरवायला खाणं कमी करतात त्याला आता 'कटिंग' म्हणतात, मला तरी दोन्ही एकच दिसतं.

धागाकर्ती : पैलवान, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तोडणं आणि कापणं, क्रियापदंच बघा ना, दोन्ही स्वतःच्याच अंगावर चालवलेली. भाच्याच्या जिममध्येपण बल्किंग (अंग भरायला जास्त खाणं), कटिंग, चीट डे (पथ्य मोडायचा दिवस) हेच शब्द. चीट म्हणजे फसवणूक, आईच्या हातची पुरणपोळी खाल्ली तर फसवणूक?

१९९३ मध्ये हॅरिसन पोप हे अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०८ बॉडीबिल्डर तपासून 'रिव्हर्स अनोरेक्सिया' असं वर्णन केलं होतं, म्हणजे चांगला आडदांड माणूस पण त्याला वाटतं मी किडकिडीत आहे, ढगळ शर्ट घालून लपतो. १९९७ ला त्याला मसल डिसमॉर्फिया हे नाव पडलं. त्यांनीच पुढं खेळण्यातले सैनिक मोजले, जीआय जो या बाहुल्याचा दंड माणसाच्या उंचीच्या प्रमाणात धरला तर १९६४ मध्ये साधारण १२ इंच होता, तो १९९० च्या दशकाच्या शेवटी २७ इंचाच्या आसपास गेला. माझ्या भाच्याच्या हातातला टेप आठवला मला हे वाचताना.

आणि भाकरीचे तुकडे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेतल्या मिनेसोटात अन्सेल कीज या संशोधकांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास केला, सगळे पुरुष, लढायला नकार देऊन स्वतःहून यात आलेले. वजन पाव भागानी उतरलं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते पाककृतींची पुस्तकं वाचायला लागले, ताटातलं चिवडत, तुकडे करत तासतासभर बसायला लागले. उपाशी अंग मनाला काय करतं हे जगाला पुरुषांवरून कळलं, आणि घरातला पोरगा तसंच करत बसला की आपण म्हणतो नखरे करतोय.

प्रतिसाद : ताई, जास्त खाण्याच्या आजाराला 'भस्म्या' चालेल का?

धागाकर्ती : शब्द जोरदार आहे, पण आयुर्वेदातला भस्मक म्हणजे अग्नी इतका प्रखर की खाल्लेलं सगळं जळून जातं, तो जठराचा रोग. बुलिमिया म्हणजे भरमसाट खाऊन मग ते कसंही करून बाहेर काढायचा आजार, त्याचा ग्रीक अर्थ 'बैलाची भूक', तो भस्म्याच्या जवळ वाटतो, पण त्यात खाऊन झाल्यावरची ओकारी, उपास, पळणं, ती लाज येत नाही. मुलगा एका बैठकीत दहा चपात्या खातो तेव्हा आपण कौतुकानी बकासुर म्हणतो, तो रडत खातोय का ते कोण बघत नाही.

रात्रभर विचार करून मला एक सुचलंय. आपण नाम शोधतोय, पण मराठीकडं क्रियापद आहे. मी ज्युनियर कॉलेजला मराठी शिकवते, शक्य क्रियापद दरवर्षी शिकवते आणि हे कधी लक्षात आलं नव्हतं. 'भूक नाही' वेगळं, 'खाऊ वाटंना' वेगळं, आणि 'जेववत नाही' वेगळं. भूक असेल, ताट समोर असेल, इच्छापण असेल, पण माझ्याच्यानी होत नाही, हे सगळं त्या एका 'व'मध्ये आहे. आणि दुसऱ्या बाजूला 'खाल्ल्याशिवाय राहवत नाही', तोच 'व'. यात नखरा नाही, हट्ट नाही, दोष कर्त्यावर येतच नाही, 'मी' नाही 'मला' आहे.

काल रात्री त्याला 'जेवत का नाहीस' असं न विचारता 'जेववत नाही का रे' असं विचारलं. बराच वेळ चटणीकडं बघत बसला, मग म्हणाला, "हाव आत्या, दिवाळीपासून." वहिनींनी मशीन थांबवलं.

मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतलीय, आम्ही तिघंही जाणार. कुणाला याहून बरा शब्द सुचला तर त्याआधी टाका, त्याला वाचून दाखवेन.