‘काय वाटते?’ ऐवजी ‘काल काय केलेत?’

प्रश्नावली नेमकी असली की मुलाखत आपोआप खोल जाते, असे अनेकदा म्हटले जाते; मला ते अर्धेच पटते. वाशीच्या बाजार समितीत माथाडी कामगारांशी बोलताना ‘कामाबद्दल काय वाटते?’ असे मी विचारत असे, आणि टिपणवहीत ‘बरं चाललंय’ यापलीकडे काही उतरत नसे. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स स्प्रॅडली यांनी १९७९ मध्ये सविस्तर मांडलेला ‘ग्रँड टूर’ प्रश्न, म्हणजे समोरच्याला त्याचे जग फिरवून दाखवायला लावणारा प्रश्न, तिथे कामी आला: ‘काल पहाटे गेटातून आत आल्यापासून काय काय केलंत, ते सांगा.’ मग एका काकांनी कांद्याची गोण पाठीवर घेताना हूक कुठे अडकवायचा इथपासून टोळीतल्या मजुरीच्या वाटणीपर्यंत सगळे सांगितले आणि ओघात ‘वाराई’ (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) हा शब्द आला. त्याला ‘हमाली’ असे न सुधारता मी तोच शब्द पुढच्या प्रश्नात वापरला, तेव्हा ते अधिकच मोकळे झाले.

उत्तर संपल्यावर चार-पाच सेकंद गप्प राहण्यात मात्र मी अजून कच्चा आहे; ध्वनिमुद्रण ऐकताना, काका श्वास घेत असतात तिथेच माझा पुढचा प्रश्न घुसलेला सापडतो.