मदत हवी आहे: रेकॉर्डचं बटण लाल झालेलं मला दिसत नाही, आणि मामाला काळी स्क्रीन सोसत नाही

पेटीचा_भाचा

मंडळी, धागा लांब होणार आहे. घाईत असलेल्यांनी सरळ शेवटचे दोन प्रश्न वाचावेत.

नारायण पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या खोलीत मी आणि मामा रेकॉर्डिंग करतो. स्टुडिओ म्हणण्यासारखं काही नाही. भिंतीला टेकवलेल्या दोन गाद्या, तापकीर गल्लीतून आणलेल्या वायरींचा गुंता, दोन माइक, माइक लॅपटॉपला जोडणारा दोन चॅनलचा इंटरफेस आणि विंडोजचा लॅपटॉप, त्यावर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. मामा पेटी वाजवतो. चाळीस वर्षं भजनी मंडळांना साथ केली, त्यातल्या कितीतरी चाली कुठेच लिहिलेल्या नाहीत. विसरायच्या आत त्या गाऊन-वाजवून साठवायच्या एवढाच उद्योग. दुपारी एक ते चार पेठा झोपतात असं बाहेरचे लोक म्हणतात, त्यांनी एकदा आमच्या खिडकीत बसावं. अप्पा बळवंत चौकाकडे जाणारा प्रत्येक टेम्पो आमच्या माइकमधून जातो. म्हणून आम्ही रात्री दहानंतर बसतो, आणि रात्री बसतो म्हणून डार्क थीम.

आता मुद्दा. मला लाल-हिरव्याचा घोळ आहे. मामालाही आहे. तो तरुणपणी रेल्वेच्या मेडिकलला त्या ठिपक्यांच्या आकड्यांवरच नापास झाला होता. रोजच्या जगण्यात अडत नाही. अलका चौकात मी सिग्नलचा रंग बघतच नाही, जागा बघतो. वरचा दिवा लागला की थांबायचं, खालचा लागला की निघायचं.

रीपरमध्ये मात्र वरचा-खालचा नाही. ट्रॅक रेकॉर्डला सज्ज केला, म्हणजे आर्म केला, की तेच गोल बटण त्याच जागी लाल होतं. गडद राखाडी पट्टीवरचं ते लाल मला विझलेल्या निखाऱ्यासारखं दिसतं. लागलंय की नाही हे नाक स्क्रीनला लावल्याशिवाय कळत नाही. गेल्या गुरुवारी मामा तयारीत बसला, मी दोन्ही ट्रॅक आर्म केले. गळ्याचा ट्रॅक लागल्यासारखा वाटला नाही म्हणून पुन्हा एकदा दाबला. म्हणजे लागलेला मीच बंद केला. चाळीस मिनिटं मामा गात होता. नंतर बघतो तर पेटीचा ट्रॅक नीट भरलेला आणि गळ्याचा कोरा करकरीत. पेटीच्या माइकमध्ये लांबून आवाज आलाय, विहिरीच्या तळाशी बसून कुणी गातंय तसा. मामा काही बोलला नाही. पेटीचा भाता बंद केला, वरचं कापड घातलं आणि "उद्या बघू" म्हणाला. मी काय ते समजलो.

एफएक्सच्या, म्हणजे आवाजावरच्या इफेक्ट्सच्या बटणाचंही तेच. चालू असेल तर हिरवं, बायपास केलं, म्हणजे इफेक्ट तात्पुरता बाजूला ठेवला, की लाल. माझ्या डोळ्यांना दोन्ही एकाच चिखलाचे. सोलोचं, म्हणजे एकच ट्रॅक ऐकायच्या बटणाचं, पिवळं मात्र लख्ख दिसतं.

मग लाइट थीम का लावत नाही? लावली. मला बरी वाटते, पण रात्री त्या अंधाऱ्या खोलीत तासाभराने डोळे चुरचुरतात. मामाचं नेमकं उलटं आहे. त्याला सिलिंड्रिकल नंबर आहे. काळ्या स्क्रीनवरची पांढरी अक्षरं त्याला "फुटलेली" दिसतात, प्रत्येक अक्षराला दाढी आल्यासारखी. आणि टेक, म्हणजे एकाच चालीची वेगवेगळी रेकॉर्डिंग, निवडायला तो शेजारीच बसतो, त्याला ट्रॅकची नावं वाचता यायलाच हवीत.

विंडोजचा कलर फिल्टर लावून पाहिला. बटण थोडं सुधारलं, पण सगळ्या लॅपटॉपचाच रंग बदलला. बायकोने लग्नाचे फोटो उघडले आणि मला हाक मारली, त्यावर अधिक लिहीत नाही.

प्रश्न असे. रीपरमध्ये फक्त या दोन-तीन बटणांचे रंग बदलता येतात का, थीम मुळापासून न बनवता? आणि दोघांसाठी दोन थीम ठेवून झटकन अदलाबदल करता येते का? रीपर सोडायची तयारी नाही, दोन वर्षांचं काम त्यात आहे.

खटपट्या

रंग कशाला बघता? आर्म केलेल्या ट्रॅकचा मीटर आवाजावर हलतो, न केलेल्याचा मेल्यासारखा पडून राहतो. गायकाला आधी एकदा "सा" लावायला सांगायचा. दोन मीटर हलले की रेकॉर्ड. क्लिपिंगचंही तसंच, मीटरच्या टोकाचा लाल दिवा शोधत बसू नका, तिथे आकडा येतो तो वाचा. शून्याच्या वर गेला की फाटला.

पेटीचा_भाचा

खटपट्या, पटलं, आणि लाजही वाटली. पण मामा मध्येच थांबतो, तंबाखू मळतो, मी तेवढ्यात काहीतरी क्लिक करतो. शांततेत मीटर दोन्हीकडे पडलेलेच असतात.

चष्मेबद्दूर

ऑप्टोमेट्री शिकते आहे, त्यामुळे डोळ्यांपुरतं बोलते. मामा आणि भाचा हे आमच्या पुस्तकातलंच उदाहरण आहे. लाल-हिरव्याचा दोष एक्स क्रोमोसोमवरून येतो. तुमच्या आजीकडून तो मामांकडे आला आणि आईकडे आला. आईजवळ दुसरा एक्स चांगला असल्यामुळे तिला बहुधा काही जाणवलं नसेल, तिच्याकडून तो तुमच्याकडे. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ जणांत एकाला हा दोष असतो, बायकांत २०० मध्ये एखादीला. तेव्हा सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना हे माहीत नाही असं होऊ नये.

एक विचारायचं होतं. लाल रंग तुम्हाला नुसता हिरव्यासारखा वाटतो, की काळपट, अंधारलेला दिसतो?

पेटीचा_भाचा

काळपट. लाल अक्षरातली सूचना आणि काळ्या अक्षरातली सूचना मला सारखीच.

चष्मेबद्दूर

मग तुमचा प्रकार प्रोटान गटातला असावा. खात्री तपासणीनेच होईल, एकदा करून घ्या. लाल-हिरव्याचे दोन गट असतात. ड्युटान गटातल्यांना रंगांत गोंधळ होतो, पण लाल तेवढाच उजळ दिसतो. प्रोटान गटात लालाचा उजेडच कमी होतो. म्हणून डार्क थीमवरचा लाल दिवा तुमच्यासाठी सगळ्यात वाईट जोडी आहे, अंधारावर अंधार. लाइट थीमवर तोच लाल तुम्हाला निदान काळा ठिपका म्हणून तरी उठून दिसतो. "मला बरी वाटते" ते त्यामुळेच.

मामांचं वेगळं कारण. स्क्रीन गडद असली की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि सिलिंड्रिकल नंबराचा दोष जास्त उघडा पडतो, उजळ अक्षर कडेने पसरतं. त्यांना निव्वळ काळं-पांढरं देऊ नका. गडद राखाडीवर मळकट पांढरी अक्षरं चालतात का बघा. आणि खोलीत एक दिवा लावा हो! स्क्रीनच्या मागे भिंतीवर पडेल असा.

विंगेतला_साउंड

मी प्रायोगिक नाटकांना साउंड ऑपरेट करतो, सुदर्शनला, भरत नाट्यला. आमच्याकडे लॅपटॉपचा उजेड विंगेतून बाहेर गेला तर दिग्दर्शक जीव घेतो, त्यामुळे थीमशी खेळणं हा माझा जुना धंदा. तुमचं काम होण्यासारखं आहे.

रीपरची थीमफाइल ही साधी झिप असते, शेवटी नाव वेगळं दिसतं एवढंच. तिची एक प्रत काढा. मूळ फाइलला हात लावू नका, रीपर अपडेट झालं की तुमचे बदल पुसले जातील. ऑप्शन्समध्ये रिसोर्स पाथ दाखवायची सोय आहे, तिथे कलरथीम्स फोल्डरमध्ये प्रत ठेवा आणि उघडा. आत शेकडो पीएनजी चित्रं दिसतील, बहुतेक प्रत्येक बटणाचं एकेक. नावात "रेकआर्म" आणि "ऑन" असलेलं शोधा. चित्र उघडलं की एकाच पट्टीत तीन बटणं शेजारी-शेजारी दिसतील. पहिलं साधं, दुसरं माउस वर नेल्यावरचं, तिसरं दाबल्यावरचं. तिन्ही रंगवायची. पहिलंच रंगवलं तर माउस वर गेला की लाल परत येतं आणि माणूस वेडा होतो. मी झालो होतो.

रंग कुठला? ओकाबे आणि इतो या दोन जपानी संशोधकांनी रंगदोष असलेल्यांनाही वेगळे ओळखता येतील असे आठ रंग काढून दिले आहेत. त्यातला आकाशी घ्या: ८६, १८०, २३३ (लाल, हिरवा, निळा या क्रमाने आकडे). किंवा नारिंगी: २३०, १५९, ०. एक चालूसाठी, दुसरा बायपाससाठी. गडद राखाडी, समजा ५१, ५१, ५१ वर हा आकाशी साधारण ५.५ कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजेडातला फरक, देतो. वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी नियमांत बटणांना किमान ३ आणि साध्या अक्षरांना ४.५ लागतो. गंमत बघा, त्याच राखाडीवर शुद्ध लाल सुमारे ३.२ भरतो, म्हणजे कागदावर पास. पण ते सूत्र सर्वसाधारण डोळ्यासाठीचं आहे, चष्मेबद्दूर म्हणतात तसा तुमचा लाल आधीच मंद. लाइट थीमला मात्र हा आकाशी वापरू नका, पांढऱ्यावर तो २.३ वर येतो. तिथे त्यांच्याच यादीतला गडद निळा: ०, ११४, १७८.

आणि नुसता रंग बदलून थांबू नका. आकारही बदला. बंद असताना पोकळ वर्तुळ, चालू असताना भरलेला चौकोन, असं काहीही. मग विंडोजच्या कलर फिल्टरमध्ये ग्रेस्केल लावून बघा. रंग गेल्यावरही चालू-बंद कळलं तर थीम जमली.

अदलाबदलीसाठी दोन थीम, लुआ भाषेतल्या दोन छोट्या स्क्रिप्ट, प्रत्येकीत थीम उघडायची एक ओळ. ॲक्शन लिस्टमधून दोन कळा नेमा.

निमूट_वाचक

दोघांनी लाइट थीम लावा, चष्मा लावा, विषय संपवा. आमच्या वेळी टेपरेकॉर्डरला एकच लाल दिवा होता.

विंगेतला_साउंड

आणि रेकॉर्डचं बटण दाबलं की ते खाली अडकून राहायचं. बोटाला कळायचं. तेच तर मागतोय तो.

तंबोरा_तुटका

जाता जाता: गळ्याच्या टेकमधली घरघर काढायला ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरचा स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचं रंगीत चित्र) वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये रंगांऐवजी ग्रेस्केल निवडता येतं. मला रंगदोष नाही, तरी त्यातच पंख्याची आडवी रेघ पटकन सापडते.

पेटीचा_भाचा

शनिवार-रविवार याच्यात घालवला. अहवाल देतो.

आर्मचं बटण आकाशी केलं. मामाला विचारलं, आकार कुठला काढू? तो म्हणाला, "अरे, र काढ की." रेकॉर्डचा र. बटण जेमतेम वीसेक पिक्सेलचं, त्यात "र" ची शेपटी दोनदा तुटली, तिसऱ्यांदा बसली. आता ट्रॅक आर्म केला की निळ्या चौकोनात पांढरा र उगवतो. मामा पाच फुटांवरून वाचतो.

पण एवढं करूनही आधी काहीच बदललं नाही! चित्र बदललं, रीपर पुन्हा उघडलं, तरी तेच विझलेलं लाल. दोन तास गेले. मग कळलं की माझा डिस्प्ले १५० टक्क्यांवर आहे आणि थीममध्ये १५० आणि २०० नावाचे वेगळे फोल्डर असतात, मोठ्या चित्रांचे. मी बाहेरचंच रंगवत बसलो होतो. पुढे कुणी हे करणार असेल तर आधी तिथे बघा.

दुसरा घोटाळा रात्री. दिवसा सुंदर दिसणारा आकाशी रात्री दहाला मळका झाला. खटपट्यांना फोन लावणार होतो, तेवढ्यात आठवलं, सूर्यास्तानंतर आपोआप लागणारा नाइट लाइट चालू आहे आणि तो नेमका निळाच कमी करतो. बंद केला. चष्मेबद्दूर, भिंतीवरचा दिवा लावलाय, त्यामुळे नाइट लाइटची उणीव जाणवली नाही.

मामाच्या थीमला राखाडी पाया आणि साईच्या रंगाची अक्षरं दिली. दाढी गेली नाही पण खुरटली, असं त्याचं म्हणणं. एफ ९ माझी, एफ १० त्याची. काल रात्री तो स्वतःच एफ १० दाबून बसला होता, मी खोलीत यायच्या आत.

गळ्याचा ट्रॅक परत घेतला. गुरुवारचा सूर नाही, पण आहे.

एकच राहिलंय. ट्रॅकच्या पट्टीवर र दिसतो, पण खाली मिक्सर उघडला की तिथलं आर्मचं बटण अजून जुनंच लाल आहे. तेही बदलायचं कसं?

विंगेतला_साउंड

मिक्सरचं चित्र वेगळं असतं. नावाची सुरुवात एमसीपीने होते, पुढे तेच रेकआर्म, ऑन. १५० च्या फोल्डरमध्येच बघा. आणि त्या र ची फाइल इथे चढवा, मला हवी आहे.