नेबवर्थला आयर्न मेडन: लेकीला घेऊन जावं का?

धनकवडीचा_एडी

नमस्कार मंडळी. इथे मेडन ऐकणारे बरेच जण आहेत, म्हणून सरळ विचारतो. ११ जुलै २०२६ ला इंग्लंडमध्ये नेबवर्थ पार्कात आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा मोठा शो आहे, 'एडफेस्ट' नावाने. बँडला पन्नास वर्षं झाली म्हणून मे २०२५ मध्ये बुडापेस्टहून जो 'रन फॉर युअर लाइव्ह्ज' दौरा सुरू झाला, त्यातलाच हा एक. माझी मुलगी अकरावीत आहे, बास गिटार शिकते. तिच्या खोलीत देवाच्या फोटोशेजारी मेडनच्या बासवादक स्टीव्ह हॅरिसचा फोटो आहे, यावरून काय ते समजून घ्या. तिला घेऊन जायचं मनात आहे.

मी त्यांना एकदाच पाहिलंय, १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत, बीकेसीच्या मैदानावर. 'समव्हेअर बॅक इन टाइम' दौऱ्याचा तो पहिलाच शो. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः विमान चालवत बँडला घेऊन आला होता, ते बोइंग ७५७, शेपटीवर बँडचा शुभंकर एडी रंगवलेलं. आम्ही पुण्याहून मित्राच्या सुमोत दाटीवाटीने गेलो होतो. त्या रात्री 'राइम ऑफ द एन्शंट मॅरिनर' अख्खं वाजवलं. तेरा मिनिटांच्या वरचं गाणं, आणि शेजारी उभ्या असलेल्या नाशिकच्या अनोळखी मुलाला ते शब्दन्‌शब्द पाठ. परत येताना लोणावळ्यापर्यंत गाडीत कुणी बोललंच नाही.

आता प्रश्न. ड्रमर निको मॅकब्रेन दौऱ्यांतून निवृत्त झाला, त्याच्या जागी सायमन डॉसन आहे. मग बँड मेडनच वाटतो का? ब्रूसच्या आवाजाबद्दल यूट्यूबखाली एक जण लिहितो 'संपला', दुसरा लिहितो 'पूर्वीपेक्षा भारी'. प्रत्यक्ष ऐकलेलं कुणी आहे का? आणि सोळा वर्षांच्या मुलीला पुढे, उभ्याच्या गर्दीत न्यावं का?

घरात या पैशांतून स्वयंपाकघराचं काम करायचं ठरलं होतं. बायको म्हणते जा, ओटा पुढच्या वर्षी. पण मला नीट विचार करून जायचंय.

बाणेर_ते_रेडिंग

दादा, २८ जून २०२५ चा लंडन स्टेडियमचा शो मी पाहिलाय. मूळची बाणेरची, सध्या नोकरीसाठी इकडे रेडिंगला. तुम्ही ओटा बाजूला ठेवून विचारताय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आवाज. ब्रूस तेव्हा ६६ वर्षांचा होता. जिभेच्या कर्करोगावरचे उपचार पुरे करून २०१५ मध्ये तो बरा झाला, आणि त्यानंतरही इतकी वर्षं हीच गाणी गातोय. क्लिपा बघून मत बनवू नका. स्टेडियमच्या आवाजात फोनचा माइक बसतो, वरचे सूर चिरके होतात, खालचा भरीव आवाज गायबच होतो. नेमका तो खालचा आणि मधला आवाज आज त्याच्याकडे सगळ्यात देखणा आहे. 'पॉवरस्लेव्ह' या गाण्यात मला तो फार जाणवला. 'एसेस हाय' अगदी शेवटाकडे येतं, दीड तासाहून जास्त गाऊन झाल्यावर. तिथे तो जपून वर चढतो, हे खरं. पण सवाई गंधर्वला आपण वयस्क गायकांना ऐकायला बसतो तेव्हा तार षड्जावर किती वेळ थांबले हे मोजत नाही, राग कसा उलगडला ते ऐकतो. ब्रूसला तसं ऐका. शब्दांची फेक, नेमका कुठे दम घ्यायचा याची समज, आणि एवढ्या मोठ्या रंगमंचावर सतत पळणं. माझ्या पुढे विशीतली मुलं होती, ती त्याच्याआधी दमली.

गाणी सगळी १९८० ते १९९२ मधली, म्हणजे पहिल्या नऊ अल्बमांतली. मुख्य दिवे जायच्या आधी यूएफओ या जुन्या रॉक बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लाउडस्पीकरवर लागलं आणि लोक उठून उभे राहिले. तुमच्या मुलीला हे ठाऊक असेल, मेडनचा शो सुरू होण्याची ती घंटाच आहे. मग मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर जुन्या ईस्ट लंडनच्या गल्ल्या सरकत गेल्या आणि 'मर्डर्स इन द रू मॉर्ग'ने सुरुवात. १९८१ चं गाणं! 'किलर्स' तर ते १९९९ नंतर कधी वाजवत नव्हते.

आणि हो, 'राइम' आहे. २००९ नंतर पहिल्यांदा या दौऱ्यात आणलं. तुम्ही मुंबईत ऐकलंत म्हणून याबद्दल थोडं जास्त लिहिते. मधला भाग आठवतोय ना, सगळं थांबतं, फक्त बास हळूहळू चालू, आणि कोलरिजच्या कवितेच्या ओळी येतात? त्या वेळी मी स्टीव्हच्या बाजूला, कुंपणापासून बरीच मागे उभी होते. पडद्यावर जहाज. स्टेडियममध्ये हजारो माणसं, पण माझ्या आसपास कुणी शब्द काढत नव्हतं, आणि जवळजवळ कुणाच्याच हातात फोन वर नव्हता. बँडचे मॅनेजर रॉड स्मॉलवुड यांनी दौऱ्याआधीच प्रेक्षकांना विनंती केली होती की फोन खिशात ठेवा, शो डोळ्यांनी बघा. सगळ्यांनी पाळली असं नाही, पण या गाण्याला पाळली. स्टीव्हचा बास अशा शांततेत ऐकणं वेगळंच आहे. तो पिक (तारा छेडायची पट्टी) वापरत नाही, बोटांनी वाजवतो, आणि तारा फ्रेटवर (गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांवर) आपटल्याचा तो कट्‌कट् आवाज मला इतक्या लांबून ऐकू येत होता. लेक बास शिकते म्हणालात. घरी हेडफोनवर तिला तो आवाज मिळतो, पण तिथे तो पायांतून वर येतो. माझ्या मते या एका गाण्यासाठी जावं. फक्त नेबवर्थला गाण्यांची यादी हीच राहील असं धरून चालू नका, मनाची तयारी ठेवा.

आणखी एक. शोच्या आदल्या दिवशी स्ट्रॅटफर्डच्या 'कार्ट अँड हॉर्सेस' पबमध्ये जाऊन आले. मेडनने सुरुवातीच्या काळात तिथे वाजवलं, म्हणून लोक त्याला बँडचं जन्मस्थान मानतात. लंडन स्टेडियमपासून चालत जाण्याजोगं. फुटपाथवर ब्राझीलचे, पोलंडचे, जपानचे लोक टी-शर्ट घालून उभे. तुमचा मुक्काम लंडनला असेल तर दुपारी मुलीला नक्की न्या.

गर्दीबद्दल: मेडनची गर्दी सांभाळून घेणारी आहे. माझ्या बाजूला एक साठीचे गृहस्थ नातवाला घेऊन आले होते, लोक मुलासाठी सरकून जागा करत होते. पण अगदी कुंपणाला चिकटून नका उभे राहू. ध्वनियंत्रणेच्या टॉवरच्या थोडं पुढे, डाव्या-उजव्या बाजूला राहा. तिथे आवाजही स्वच्छ मिळतो. कानात फोमचे बोळे दोघांनीही घालाच, हे आग्रहाने सांगते.

कर्वेनगर_ड्रम्स

ड्रमरबद्दल मी लिहितो. वीसेक वर्षं शिकवतोय. मी हा दौरा प्रत्यक्ष पाहिला नाही, पण त्यातलं जे जे ऐकायला मिळालं ते हातात काठ्या घेऊन ऐकलंय.

निको १९८२ च्या अखेरीस आला. त्याची खासियत म्हणजे उजवा पाय. बेस ड्रमला एकच पेडल. १९८३ च्या 'पीस ऑफ माइंड'चं पहिलं गाणं लावा आणि बेस ड्रमकडे लक्ष द्या. नव्या मुलांना वाटतं डबल पेडल आहे. माझ्याकडे ढोल-ताशा पथकांतून मुलं येतात, त्यांचे हात तयार असतात, पाय नसतात. त्यांना मी हेच गाणं देतो. जानेवारी २०२३ मध्ये निकोला स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली होती, आणि त्याच वर्षी हा माणूस परत दौऱ्यावर उभा राहिला. ७ डिसेंबर २०२४ ला साओ पावलोला शेवटचा शो वाजवून तो थांबला. मला त्याच्याबद्दल फार आदर आहे, तो शब्दांत मावत नाही.

पण 'निको नाही म्हणजे मेडन नाही' हे मला पटत नाही. या दौऱ्यातल्या गाण्यांची यादी बघा. जवळपास निम्मी गाणी पहिल्या तीन अल्बमांतली आहेत, म्हणजे मुळात निकोच्या आधीचा ड्रमर क्लाइव्ह बर याने वाजवलेली. 'किलर्स', 'फँटम ऑफ द ऑपेरा', 'रन टू द हिल्स', 'हॅलोड बी दाय नेम', हे सगळे ठेके क्लाइव्हचे. तो २०१३ मध्ये गेला. निकोने त्या गाण्यांत स्वतःचे भरणे आणले, शोमध्ये लय बरीच चढी ठेवली, आणि आपल्याला तीच सवय लागली. डॉसन लय खाली आणतो, अल्बमच्या जवळ. त्यामुळे 'फँटम'मधली वळणं सुटी सुटी ऐकू येतात. गिटारी एकमेकींवर पडत नाहीत. ज्यांना वेग हवा त्यांना हे संथ वाटेल, मला मात्र ही गाणी इतकी मोकळी फार वर्षांनी ऐकायला मिळाली.

सायमन काही परका नाही. स्टीव्हच्या 'ब्रिटिश लायन' बँडमध्ये तो त्याच्याच मागे बसून बरीच वर्षं वाजवत आलाय. बास आणि ड्रम यांची जोडी जमायला वर्षं लागतात, ती यांची आधीच जमलेली होती. तुमच्या मुलीला सांगा, शोमध्ये स्टीव्हच्या उजव्या हातासोबत सायमनचा पायही बघ. दोघं एकत्र कुठे पडतात आणि कुठे मुद्दाम सोडतात, त्यात शिकण्यासारखं खूप आहे.

औंध_जुना_मेटलवाला

माझं मत वेगळं आहे, रागावू नका. १७ मार्च २००७ ला बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर मी होतो. मेडनचा भारतातला पहिला शो. तिथे जे झालं ते निम्मं बँडमुळे आणि निम्मं आपल्या लोकांमुळे. पंचवीस वर्षं कॅसेटींवर ऐकलेला बँड समोर उभा, इंफाळपासून कोचीपर्यंतची पोरं एका मैदानात, आणि गिटारचे सोलोसुद्धा लोक तोंडाने गात होते. तेव्हा मला वाटतं मेडन आपल्या माणसांत ऐकावा. एवढ्या पैशांत मुलीला चांगला बास आणि अँप येईल, वरून वर्षभर मुंबई-पुण्याचे गिग होतील. सोळाव्या वर्षी स्वतः स्टेजवर चढणं हे बघण्यापेक्षा मोठं आहे.

धनकवडीचा_एडी

सगळ्यांचे मनापासून आभार. औंधकर, तुमचं म्हणणं रात्री बराच वेळ डोक्यात होतं. बंगळूरबद्दल लिहिलंत ते अगदी मला मुंबईत वाटलं तसंच. पण स्टीव्ह हॅरिसची सत्तरी मार्च २०२६ ची, गिटारवादक डेव्ह मरेची त्याच वर्षअखेरीस. ते इकडे येतील म्हणून थांबण्याची हिंमत माझ्यात नाही. आणि मुलीचा बास चांगला आहे, तिच्या आजोबांनी घेऊन दिलाय. कॉलेजच्या बँडमध्ये ती 'रॅथचाइल्ड' बसवतेय. ड्रम्स सर, तुमचा क्लाइव्ह बरबद्दलचा परिच्छेद मी तिला वाचून दाखवला. तिने लगेच पहिले तीन अल्बम ओळीने लावले आणि जेवायला हाक मारली तरी उठली नाही.

जायचं ठरलं. ताई, शेवटचं विचारतो: शो संपल्यावर रात्री लंडनला परतणं कसं? मुलगी बरोबर असल्यामुळे ती काळजी आहे.

बाणेर_ते_रेडिंग

खूप आनंद झाला दादा! नेबवर्थ लंडनच्या उत्तरेला, हर्टफर्डशरमध्ये आहे. जवळचं मोठं स्टेशन स्टीव्हनेज, तिथून किंग्ज क्रॉसला थेट गाड्या आहेत. पण मोठ्या शोनंतर मैदानातून बाहेर पडायलाच वेळ लागतो, त्यामुळे शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. त्या रात्रीपुरती स्टीव्हनेजमध्येच खोली घ्या, आणि ती आत्ताच घ्या. लंडन दुसऱ्या दिवशी सावकाश करा.

व्हिसासाठी मुलगी अल्पवयीन आहे, त्यामुळे जन्मदाखला आणि आईचं संमतिपत्र तयार ठेवा. अर्ज अगदी शेवटच्या आठवड्यांवर ढकलू नका, उन्हाळ्यात फार गर्दी असते. जुलै असला तरी एक पातळ रेनकोट बरोबर असू द्या, उघड्या मैदानात छत्री चालत नाही. आणि टी-शर्टाची रांग दुपारीच लावा, संध्याकाळी तिच्या मापाचा उरणार नाही.