केप ब्रेटनची फिडल भावंडांनी टिकवली की क्लासेसनी?

सिडनीत_अडकलेला: मी शिकायला सिडनीत आहे, ऑस्ट्रेलियातल्या नाही, कॅनडात नोव्हा स्कोशियाच्या केप ब्रेटन बेटावरच्या. शनिवारी वेस्ट माबूच्या हॉलमध्ये स्क्वेअर डान्सला गेलो. बहीण फिडलवर, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनवर, भाऊ पियानोवर, मधेच तिने फिडल खाली ठेवली आणि स्टेप डान्स सुरू, हात नुसते बाजूला सैल, सगळा खेळ घोट्याखाली, पाय जमीन सोडतच नाहीत म्हणा ना! माझं मत, स्कॉटलंडहून आलेल्यांची ही गेलिक परंपरा भावंडांमुळेच जिवंत आहे. भावंडांचे बँड बघा, 'द रँकिन फॅमिली' माबूची, 'द बारा मॅकनील्स' सिडनी माइन्सचे, फिडलर नॅटली मॅकमास्टर तर फिडलर बडी मॅकमास्टरची पुतणी. सरळ घराणी आहेत.

तंबोरा_खुंटी: घराणं? आपल्याकडे घराण्यात बाहेरचा शिष्य गंडा बांधून येतो, तुम्ही सांगताय ती नुसती नाती. आणि घरं तर आधीपासून होतीच की, तरी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला टीव्हीवर डॉक्युमेंटरी आली की इथला फिडलर संपत चाललाय. लोक चिडले, 1973 ला ग्लेनडेलला शंभरावर फिडलर एका स्टेजवर उभे केले. त्यानंतर पोरांसाठी क्लासेस वाढले. तुमची नॅटलीसुद्धा स्टॅन चॅपमनकडे शिकलीय, काकांचं नाव पुरलं नाही.

पोहे_विदाउट_शेंगदाणे: दोघेही अकेडियन लोकांना विसरलात. 1755 पासून इंग्रजांनी ज्यांना हाकलून दिलं त्या फ्रेंच लोकांची फिडल कुठल्या क्लासने सांभाळली हो? प्रिन्स एडवर्ड आयलंडवर स्वयंपाकघरात बसून वाजवायचे, तबला नाही ढोलकी नाही, फिडलरच खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही पायांनी ठेका धरतो. बाराश्वा बँडमधले आल्बेर आणि एलेन आर्सेनो सख्खे बहीणभाऊ, वडील एडी आर्सेनो स्वतः फिडलर. घरच होतं ते.

तंबोरा_खुंटी: अकेडियनांचं मान्य. पण ज्या घरात कुणीच वाजवत नाही तिथल्या पोराने काय करायचं? तो नाचायला कुठे जाणार? मला हॉल महत्त्वाचा वाटतो, आडनाव नाही. बडी मॅकमास्टर रेल्वे स्टेशनवर नोकरी करून डान्सला वाजवायचे, समोर नाचणारे होते म्हणून वाजवत राहिले ना.

सिडनीत_अडकलेला: हं, हे पटतंय थोडं. शनिवारी वाजवणाऱ्या त्या बहीणभावाचा आणखी एक भाऊ हॉलच्या दारात पैसे घेत बसला होता, मी विचारलं तू वाजवत नाहीस का, तर म्हणे लहानपणी बळजबरीने बसवायचे म्हणून सोडली. पण शेवटच्या सेटला गल्ला तसाच टाकून सगळ्यात आधी तोच नाचायला उतरला.